बाईंचे मासे वर येईनात

मी गुरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर माझा हुद्दा बराच लांबलचक होता, पण तो भोरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. तरी लोकांच्या बोलण्यात अजून "आपल्या राज्यात" असं सहज येऊन जायचं. शिक्षण संपवून मी पहिल्या नेमणुकीवर आलो तो त्या दिवसांत. भोर, भोवतालची डोंगराकडची गावं आणि पलीकडचा वेल्ह्याचा पट्टा एवढं माझ्याकडे होतं. बैलाच्या मानेवरची सूज, म्हशीची अडलेली वार, मेंढरांची खुरं, हे सगळं मला बऱ्यापैकी जमत होतं. मासे मात्र मी फक्त एका कोकणातल्या मित्राच्या घरी, ताटात वाढलेले पाहिले होते.

एका सकाळी दवाखान्याच्या अंगणात मी एका बैलाच्या पायातला काटा काढत होतो. बैलाचा मालक शिंगं धरून उभा. तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आल्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी, काखेत छत्री, ताठ चाल. बैलाला वळसा घालून त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नवे डॉक्टर तुम्हीच ना?"

"हो."

"हे झालं की चला माझ्याबरोबर. घरी आजारी आहेत."

"काय आहे? गाय का म्हैस?"

"मासे," बाई म्हणाल्या.

बैलाच्या मालकाला हसू आवरेना. "डाक्टर, माशाला बी नाडी आसती व्हय?"

बाईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तू तिसरीत माझ्याकडे होतास ना? तेव्हाही असाच मधे बोलायचास."

तो चाळिशीचा, मिशीवाला गडी एकदम बैलाच्या पलीकडे गेला आणि काटा निघेपर्यंत त्यानं चकार शब्द काढला नाही. बाईंनी अर्ध्या भोराला बाराखडी शिकवलीय हे मला त्या दिवशी कळलं. गावात त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. कुठल्या बाई, असं कुणी विचारत नसे.

नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत बाईंच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत, अगदी मधोमध, खिडकीसमोर एक टेबल. टेबलावर विणलेला रुमाल. त्यावर लोखंडी चौकटीची काचेची पेटी, काठोकाठ स्वच्छ पाण्यानं भरलेली. आणि तिच्या तळाशी, एका कोपऱ्यात, अंगाला अंग लावून चार लाल मासे. पाणी एवढं उंच, पण सगळं रिकामं. चौघांनी हनुवट्या काचेला टेकवल्यासारख्या ठेवलेल्या.

"बघा," बाई म्हणाल्या. "आल्यापासून हे असे. ना वर येतात, ना फिरतात."

मासे आले कसे, ते त्यांनी चहा करता करता सांगितलं. एकुलता एक मुलगा मुंबईला बोटींच्या कंपनीत इंजिनिअर. आईनं आता मुंबईला येऊन राहावं म्हणून त्याचा घोशा चाललेला. बाई काही भोर सोडत नव्हत्या. मग त्यानं सोबत म्हणून मासे धाडले. पेटी गवतात बांधून पुण्यापर्यंत आली, आणि त्याचा एक मित्र मासे पितळी डब्यात घालून एस.टी.नं भोरला घेऊन निघाला. कापूरहोळला गाडी तापली. ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन पाणी शोधत फिरायला लागला आणि त्याची नजर नेमकी मित्राच्या मांडीवरच्या पाण्यावर पडली.

"बिचारा डबा पोटाशी धरून गाडीतून उतरला आणि एका खानावळीत जाऊन बसला. ड्रायव्हर मागं मागं. शेवटी त्याला आत मासे दाखवले तेव्हा त्यानं पिच्छा सोडला," बाई हसत म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, दिवाळीला मुलगा येतोय. हे असे पडलेले बघितले, तर काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, आई, तुला आता मासेसुद्धा सांभाळणं होत नाही, चल माझ्याबरोबर. म्हणून तुम्हाला आणलं."

मी गळ्यात छाती तपासायची नळी अडकवून आलो होतो. काहीतरी करायला हवं म्हणून ती पेटीच्या काचेला लावली. मला फक्त माझ्याच बोटांची खरखर ऐकू आली. मासे आणखी कोपऱ्यात सरकले.

"खाणं कसं आहे?" मी विचारलं. जनावराबद्दल पहिला प्रश्न हाच असतो.

"खातात. कणकेच्या बारीक गोळ्या टाकते. पण मी समोर असताना नाही. मी आत गेले की फस्त."

हे वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं आणि सोडून दिलं.

माझा पहिला तर्क असा की पाण्यात हवा कमी पडत असावी. पाणी उंचावरून ओतलं की त्यात हवा मिसळते, एवढं मला ठाऊक होतं. बाईंनी लगेच गल्लीतली पोरं बोलावली. एकेकानं स्टुलावर चढायचं, तांब्याभर पाणी काढायचं आणि उंचावरून धार धरायची. पोरांना तर जत्राच मिळाली. संध्याकाळपर्यंत धार चालली होती. मासे तळाला असे चिकटले की जणू कुणी डकवलेत. हवा कमी पडली असती तर ते उलट तोंडं वर काढून आले असते, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला आणखी दोन दिवस लागले.

मग मला वाटलं, गारठा. आडाचं पाणी गार, मासे मुंबईचे. आम्ही पेटी अर्धी रिकामी करून चौघाजणांनी उचलली आणि परसात उन्हात ठेवली. मासे लोखंडी पट्टीची बोटभर सावली पडली होती तिच्यात ओळीनं जाऊन बसले. पुन्हा पेटी आत आली.

एव्हाना ही बातमी गावभर झाली होती. बाजारच्या दिवशी तर आंबवड्याकडून आलेली माणसंसुद्धा भाजीची पिशवी खांद्यावर टाकून मासे बघायला गल्लीत वळू लागली. बाईंचं दार सगळ्यांना उघडं. येणारा प्रत्येक जण पेटीवर ओणवा होई, मग मासे हलावेत म्हणून काचेवर टक टक करी, आणि जाताना एक उपाय सांगून जाई. मीठ टाका. हळद टाका. पाण्यात चांदीचा रुपया टाका. एका म्हातारबांनी सांगितलं, "त्येंला दर्यावरली भाषा ठावं. हितलं बोलनं उमजंना झालंय." शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. बाई स्वतः रोज दुपारी पेटीजवळ खुर्ची ओढून मोठ्यानं गाणी म्हणत, पहिलीच्या वर्गातली. पोरं सोबत म्हणत. खोली दणाणून जाई. मासे तिथंच.

पण एक गोष्ट मला दिसत होती. बाई खूश होत्या. माशांची काळजी होती ती होतीच, पण निवृत्त झाल्यापासून घरात एवढी वर्दळ पहिल्यांदाच होत होती. नाकाचे ठसे उमटलेली काच रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसताना त्या एकेक ठसा कुणाचा ते मला सांगायच्या.

त्यानंतर मला वेल्ह्याकडं जावं लागलं. मेंढरांना लस टोचायची होती. वाड्या डोंगराच्या कुशीत, एकीपासून दुसरीला पोचायला अर्धा दिवस. एका धनगराच्या घरी मी मुक्काम केला तिथंही मला विचारलं गेलं, "त्ये माशांचं डाक्टर तुमीच का?" बातमी माझ्या आधी घाट चढून आली होती.

परत आलो तर बाईंच्या गल्लीत शुकशुकाट. दाराला आतून नुसती साखळी अडकवलेली. शेजारच्या काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाईंना ताप होता हो. माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, कुणाला आत सोडायचं नाही. आज उतरलाय. तुम्ही जा, पण पोरं मागून घुसू देऊ नका."

त्यांनी हात घालून साखळी काढली. मी आत पाऊल टाकलं. बाई भिंतीकडच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी टेबलाकडे खूण केली.

चारही मासे वर होते. पाण्याच्या अगदी वरच्या थरात. एक संथपणे या टोकाकडून त्या टोकाकडे चालला होता, दोघं त्याच्या मागोमाग, आणि चौथा, सगळ्यांत लहान, पाण्याला तोंड लावून पुटपुटल्यासारखं करत होता. शेपट्या रेशमाच्या पदरासारख्या उलगडलेल्या. त्यांना इतक्या मोठ्या शेपट्या आहेत हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

मी न राहवून एक पाऊल पुढं टाकलं. खिडकीच्या उजेडात माझी सावली पेटीवर पडली. क्षणात पाणी रिकामं. चौघं तळाच्या कोपऱ्यात, हनुवट्या टेकून.

"बघितलंत?" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मासे आजारी नाहीत, डॉक्टर. घाबरलेत."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आपल्याला! मी इथं पडून बघतेय. घरात कुणी नाही, आवाज नाही, की हे वर. काकू पेज घेऊन आल्या की खाली. त्या गेल्या, की थोड्या वेळानं पुन्हा वर. ताप आला म्हणून कळलं, नाहीतर मी जन्मभर त्यांच्यापुढं गाणी म्हणत बसले असते."

मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. आता माझं डोकं चालायला लागलं. नदीत माशाच्या डोक्यावर जे हलतं तो बगळा असतो नाहीतर खंड्या. वरून सावली पडली की खाली पळायचं, हे त्यांच्या अंगातच असणार. नदीत निदान दगड असतात, शेवाळ असतं, काठाखाली कपारी असतात. इथं तर चारी बाजूंनी लख्ख काच, समोर खिडकी, लपायला काही नाही, आणि दिवसभर वरून माणसांची तोंडं. शिवाय टकटक. पाण्यात तो आवाज केवढा होत असेल! मी हे सगळं हळू आवाजात बाईंना सांगितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. आम्ही बोलायचे थांबलो आणि बसून राहिलो. बऱ्याच वेळानं लहान मासा कोपऱ्यातून सुटला. थोडा वर आला. थांबला. मग आणखी वर. त्याच्या मागून बाकीचे.

मी लहानपणापासून जनावरांतच मोठा झालो म्हणायला हरकत नाही, पण नुसतं बसून एखादं जनावर बघत राहिल्याचं मला आठवत नव्हतं. दवाखाना उघडायची वेळ टळून गेली तरी मला उठावंसं वाटेना.

उठलो तेव्हा आनंदानं म्हणालो, "चला, सुटला प्रश्न. आता दिवाळीपर्यंत दार बंद ठेवा. मुलगा येईल तेव्हा मासे मजेत फिरत असतील."

बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे पोरांना सांगू, येऊ नका?"

"थोडे दिवस."

"पोरंच यायची नसतील," बाई म्हणाल्या, "तर मग मुंबई काय वाईट?"

 मी तसाच दवाखान्यात गेलो आणि दिवसभर चुकीच्या बाटल्या उघडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा निरोप आला: सायकल घेऊन या, येताना नदीवरून पाणवनस्पती आणा, मुळासकट. गेलो तर बाई पदर खोचून उभ्या. ताप गेला होता आणि वर्गात शिरताना असावा तसा हुरूप आला होता. पेटी टेबलावरून निघाली. खिडकीपासून दूर, भिंतीच्या कोपऱ्यात, एका बुटक्या पेटाऱ्यावर तिला जागा झाली. पुस्तकांना घालतात त्या खाकी कागदानं तिच्या तीन बाजू बाहेरून झाकल्या. तळाला नदीची धुतलेली वाळू, गोटे, मी आणलेला हिरवा झाडोरा आणि घरावरचं एक फुटकं कौल, पालथं. मासे सोडले तसे चौघेही कौलाखाली शिरले आणि दिसेनासे झाले.

"जाऊ देत," बाई म्हणाल्या. "ज्याला लपायला जागा आहे तो बाहेर येतो."

मग त्यांनी खडू घेतला आणि पेटीपासून चार हात अंतरावर फरशीवर एक रेघ मारली. दार उघडलं. पोरं बाहेर ताटकळत होतीच.

"रेघेच्या मागं मांडी घालून बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. जो हलेल त्याला मासे दिसणार नाहीत. आणि त्याच्यामुळे दुसऱ्यालाही दिसणार नाहीत."

पहिल्या दिवशी कुणालाच दिसले नाहीत. कुणी कुजबुजलं, कुणी खिदळलं, आणि सगळे स्थिर झाले असं वाटतंय तोच एकाला शिंक आली. लाल शेपटीचं टोक कौलाबाहेर आलं होतं ते आत गेलं. बाकीच्यांनी शिंकणाऱ्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पिटाळलं. दुसऱ्या दिवशी एक मासा आला. पुढं हळूहळू पोरांना ते जमायला लागलं. माशांनाही रेघेच्या मागची माणसं ओळखीची झाली असावीत, कारण पंधरवड्यानंतर एखाद्यानं मांडी बदलली तरी ते खाली जात नव्हते, नुसते थबकत. गोळ्याही आता बाई मोजक्याच टाकायच्या, रोज त्याच वेळी, पेटीच्या बाजूनं हळूच हात नेऊन.

मोठी माणसं यायची त्यांनाही तोच नियम. वेल्ह्याकडचा तो धनगर बायकोला घेऊन मुद्दाम आला. येताना माझ्याकडं एक लंगडी मेंढी तपासायला आणली होती, पण म्हणाला, "मेंढरू ऱ्हाऊ द्या वाईच. आदी मासं दावा." दोघं रेघेमागं बसली. त्याला आपला फेटा सावरल्याशिवाय राहवेना, ती मात्र दगडासारखी बसून होती. मासे वर आले तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "लई ग्वाड हाईत गं बया." आणि उठायचं नावच घेईना. शेवटी मेंढी बाहेरून ओरडायला लागली तेव्हा उठली.

दिवाळीला मुलगा आला. मी फराळाला तिथंच होतो. उंच, हसतमुख माणूस, कडक इस्त्रीची पँट, हातात मुंबईच्या मिठाईचा डबा. आल्या आल्या आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, मी मोठी जागा घेतलीय. आता तुझं काही चालणार नाही." तेवढ्यात गल्लीत कुणीतरी फटाक्याची माळ लावली. ती संपते न संपते तो दुसरी. मुलगा पेटीपाशी गेला, ओणवा झाला. आत वाळू, झाडोरा आणि कौल.

"आई, मासे कुठायत? गेले की काय?"

मी चकली ताटात परत ठेवली. बाई शांतपणे म्हणाल्या, "गेले नाहीत. मागं हो आणि खाली बस."

"मी?"

"हो, तूच. मांडी घाल. हाताची घडी."

"आई, अगं ही पँट—"

"घाल मांडी."

तो इंजिनिअर रेघेमागं मांडी घालून बसला. बाई दारात गेल्या आणि त्यांनी आपला वर्गातला आवाज काढला. "ए, जरा थांबा रे सगळे!" गल्ली गप्प झाली. पलीकडच्या गल्लीतले फटाकेसुद्धा थांबल्याचं मला आठवतं, पण ते कदाचित माझ्या मनाचं असेल. मग पोरं पायऱ्या चढून आत आली आणि न सांगता त्याच्या मागं ओळीनं बसली, हाताच्या घड्या घालून. त्याच्या शेजारी एक शेंबडं पोर बसलं होतं. त्यानं इंजिनिअरच्या गुडघ्यावर बोट टेकवून हळूच सांगितलं, "हलायचं न्हाई. येत्यात."

आले. आधी धाकटा, मग दोघं, मग मोठा. कौलाच्या वरून, झाडोऱ्यातून वळसा घेऊन, थेट वर. दिव्याच्या उजेडात पाणी लालसोनेरी झालं.

मुलगा थोडा वेळ माशांकडं बघत होता. मग त्यानं मान जराशी वळवून मागची ओळ पाहिली, आणि मग दाराला टेकून उभ्या राहिलेल्या आपल्या आईकडं पाहिलं.  शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "तू येणार नाहीस ना, आई?"

"येईन की," बाई म्हणाल्या. "तुझी मोठी जागा बघायला येईन. आठवडाभर. मासे कुठं ठेवायचे ते ठरलं म्हणजे झालं."

दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं.

अशी ती पेटी माझ्या बिऱ्हाडी आली. बाईंनी फरशीवरची रेघसुद्धा स्वतः मारून दिली. सकाळी मी दाढीचा साबण लावून उभा असायचो आणि दारात पोरं चपला काढत असायची. मला माझ्याच खोलीत चोरपावलांनी चालावं लागे. आंघोळीचं पाणी तापायचं तसंच राही, कारण बादली सरकवली की मागून दहा तोंडांतून "श्शू!" ऐकू येई.

बाई आठवडा भरायच्या आतच परतल्या. एस.टी.तून उतरून, छत्री काखेत घालून, घरी न जाता आधी माझ्या खोलीवर आल्या. मी विचारलं, "कशी काय मुंबई?"

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मुलाची जागा छान आहे. समुद्रही बरा आहे. पण कुणी कुणाला ओळखत नाही हो. मी जिन्यात एकाला म्हटलं, सदऱ्याचं बटण लाव, तर तो माझ्याकडे बघतच राहिला."

त्याच दुपारी आम्ही पेटी परत न्यायला काढली. भरलेली पेटी उचलणं शक्य नव्हतं, आणि माशांच्या ओळखीचं पाणी टाकून द्यायला मी तयार नव्हतो. तेव्हा मासे एका घागरीत घालून ती मी डोक्यावर घेतली, रिकामी पेटी दोन मोठ्या पोरांनी धरली, आणि उरलेल्या प्रत्येकाच्या हातात बाईंनी पेटीतलं एक एक तांब्या पाणी दिलं. बाजारपेठेतून आम्ही ओळीनं निघालो. दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आले. बाई सगळ्यांच्या पुढं, छत्री उघडून, मधूनच मागं वळून सांगत होत्या, "सांडू नका रे, सांडू नका!"